बटण दाबलं, पुढे काय?

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच तक्रारीची आहेत: ॲप चालतं, पण जड वाटतं. म्हणून हा अंक सगळा त्यालाच. पत्रं थोडी कापली आहेत, मतलब कापलेला नाही.

प्रश्न : ताई, आमच्या वेब ॲपचा सर्व्हर ८० मिलिसेकंदांत उत्तर देतो, मी स्वतः मोजलंय. तरी वापरणारे म्हणतात, "हे अडकतं." ग्राहकांच्या यादीत ४,००० ओळी आहेत आणि वर शोधायची चौकट. तिच्यात नाव टाइप केलं की अक्षरं मागाहून उमटतात. डिबाउन्स (टाइप करणं थोडं थांबलं की मगच शोध सुरू करणं) लावून झाला, फारसा फरक नाही. साहेब म्हणतात मोठा सर्व्हर घेऊ. घ्यावा का? कोड सोबत जोडला आहे.

उत्तर : घेऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. तुमचा कोड वाचला. यादी एकदा ब्राउझरमध्ये आली की पुढचा सगळा शोध तिथेच चालतो, सर्व्हरला त्यात कुणी विचारतसुद्धा नाही. ते ८० मिलिसेकंद या गोष्टीत पात्रच नाहीत.

आता कळ दाबल्यावर काय होतं ते सावकाश बघू. वापरणाऱ्याने 'र' दाबला. ब्राउझरने तुमच्या फंक्शनला हाक मारली. तुमचं फंक्शन ४,००० नावं चाळतं, हे काम किरकोळ आहे, दोन-चार मिलिसेकंदांत उरकतं. मग उरलेल्या सगळ्या ओळी नव्याने रेंडर होतात, म्हणजे पुन्हा बांधल्या जातात. मग ब्राउझर प्रत्येक ओळीची स्टाइल ठरवतो, कुठली ओळ कुठे बसणार याचं मोजमाप करतो आणि शेवटी रंगवतो. हे सगळं एकाच मेन थ्रेडवर, एकामागून एक. आणि बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की चौकटीतला तो 'र'सुद्धा याच रांगेत उभा असतो. तुमचं फंक्शन आणि त्याने काढलेलं काम संपेपर्यंत पडद्यावर काहीही बदलत नाही, दाबलेलं अक्षरही नाही. काम ३०० मिलिसेकंदांचं असेल तर 'र' ३०० मिलिसेकंदांनी दिसतो. तोवर माणसाने आणखी दोन कळा दाबलेल्या असतात, त्या मागे ताटकळतात आणि मग तिन्ही अक्षरं एकदम धपकन पडतात. तुमचे लोक "अडकतं" म्हणतात ते हेच. शब्द अगदी बरोबर निवडलाय त्यांनी.

मग डिबाउन्सने का भागलं नाही? डिबाउन्स कामाची संख्या कमी करतो, वजन नाही. तुम्ही ३०० मिलिसेकंद थांबायला सांगितलंत. माणूस क्षणभर विचारात पडला की ते जड काम सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच त्याला पुढचं अक्षर आठवतं. शिवाय थोडं थांबून टाइप करणाऱ्याला आधी वाट आणि मग अडकणं, असा दुहेरी मार. सर्व्हरकडे विनंत्या पाठवायच्या असतील तिथे डिबाउन्स हवाच. तुमच्याकडे ते दुखणं दाबणारं औषध आहे.

माझ्या मते तीन गोष्टी करायच्या, याच क्रमाने.

पहिली, तुमच्या कोडमधला ओळींच्या उंचीचा तो लूप. फिरत फिरत प्रत्येक ओळीची 'ऑफसेटहाइट', म्हणजे पडद्यावरची उंची, वाचता आणि लगेच त्याच ओळीला नवी उंची देता. उंची दिली की आधीचं मोजमाप बाद होतं. पुढच्या फेरीत पुन्हा वाचलंत की ब्राउझरला तिथल्या तिथे पुन्हा मोजायला बसावं लागतं, कारण त्याला खरं उत्तर द्यायचं असतं. म्हणजे एका कळीमागे हजारो वेळा मोजमाप. आधी सगळ्या उंच्या वाचून घ्या, मग सगळ्या लिहा. मोजमाप एकदाच होईल. खरं तर हा लूप हवाच कशाला, सीएसएस ग्रिड (पानाची मांडणी करणारी ब्राउझरचीच सोय) ते फुकटात करतो. पण ते नंतर.

दुसरी, ४,००० ओळी पडद्यावर ठेवूच नका. एका वेळी माणसाला वीस-पंचवीस दिसतात. तेवढ्या आणि वरखाली थोड्या जास्तीच्या, इतक्याच डॉममध्ये (ब्राउझर सांभाळतो त्या पानाच्या रचनेत) ठेवायच्या आणि स्क्रोल होईल तशा बदलायच्या. याला व्हर्च्युअल लिस्ट म्हणतात, त्याच्या तयार लायब्रऱ्या ढिगाने आहेत. एक तोटा आधीच सांगते: ब्राउझरचं स्वतःचं 'पानात शोधा' डॉममध्ये नसलेल्या ओळी शोधू शकत नाही. तुमच्या लोकांना त्याची सवय असेल तर ओरड होईल. मग 'कंटेंट-व्हिजिबिलिटी : ऑटो' वापरून बघा. त्यात ओळी डॉममध्ये राहतात, फक्त पडद्याबाहेरच्यांचं मोजणं-रंगवणं ब्राउझर टाळतो. रिॲक्टचं (तुमचं ॲप ज्यावर बांधलंय त्या लायब्ररीचं) रेंडरिंग मात्र त्याने टळत नाही.

तिसरी, चौकट आणि यादी यांची फारकत. दोघी एकाच स्टेटवर, म्हणजे टाइप केलेल्या एकाच मजकुरावर, बांधल्यात, म्हणून चौकटीला यादीची वाट बघावी लागते. तुम्ही रिॲक्ट वापरता; २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून त्यात 'यूज-डिफर्ड-व्हॅल्यू' आहे. चौकटीला ताजा मजकूर द्या, यादीला तो मागे रेंगाळणारा द्या. अक्षर आधी उमटेल, यादी मागून येईल, आणि मधेच नवं अक्षर आलं तर रिॲक्ट यादीचं अर्धवट काम सोडून देईल. यादीचा कंपोनंट (पडद्याचा तो तुकडा) 'मेमो'त, म्हणजे काही बदललं नसेल तर पुन्हा रेंडर टाळणाऱ्या वेष्टणात, गुंडाळायला विसरू नका, नाहीतर काडीचा फायदा नाही. मी विसरले होते. दोन दिवस "हे चालतच नाही" म्हणत रिॲक्टला शिव्या घातल्या होत्या.

आणखी एक, हे आपल्या लिपीत टाइप करणाऱ्यांना जास्त जाणवतं. बरेच जण उच्चारानुसार टाइप करतात. शब्द पुरा होईपर्यंत चौकटीत अर्धवट काहीतरी असतं, आणि तुमचा शोध त्या प्रत्येक अर्धवटावर धावतो. ब्राउझर सांगतो की अक्षरांची जुळणी चालू आहे. 'इज-कंपोझिंग' खरं असेल तोवर शोध सुरू करू नका, 'कंपोझिशन-एंड' आल्यावर करा. पण सगळे कीबोर्ड सारखे वागत नाहीत, आपल्या लोकांच्या फोनवर तपासून घ्या. काही कीबोर्ड शब्द संपेपर्यंत जुळणी चालूच ठेवतात आणि मग शोध उशिरा वाटतो.

साहेबांना पटवायचं असेल तर आकडा दाखवा. इंटरॲक्शन टू नेक्स्ट पेंट, आयएनपी, नावाचं माप २०२४ च्या मार्चपासून गूगलच्या मुख्य तीन मापांत आलं. त्याआधीचं माप फक्त पहिल्या स्पर्शाला, काम सुरू होण्याआधी किती वाट बघावी लागली, तेवढंच बघायचं. आयएनपी दाबल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा सगळा वेळ धरतं आणि पान उघडं असेपर्यंतच्या सगळ्या क्लिक, टॅप, कळा बघतं. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत २०० मिलिसेकंद किंवा कमी असेल तर ठीक, ५०० च्या वर गेलं तर वाईट. तुमचा आकडा काढा आणि त्या ८० च्या शेजारी ठेवा. मोठ्या सर्व्हरचा विषय आपोआप बंद होईल.

प्रश्न : मी प्रोग्रामर नाही, ऑफिसात नोंदी करते. 'जतन करा' दाबलं की काही होत नाही, म्हणून मी पुन्हा दाबते, आणि मग दोन नोंदी होतात. वरून मलाच ऐकावं लागतं की धीर नाही. चूक माझी आहे का?

उत्तर : अजिबात नाही. दाराची कडी वाजवली आणि आतून हूं की चूं नाही, तर माणूस पुन्हा वाजवणारच. बटणाने दाबल्याक्षणी दबल्यासारखं दिसलं पाहिजे, शब्द बदलून 'जतन होतंय' झाला पाहिजे. ही तुमची नाही, ते बनवणाऱ्याची जबाबदारी. दोन नोंदी होणं हीसुद्धा त्यांचीच चूक, ती कशी टाळायची ते खालच्या उत्तरात आहे. हे पान त्यांच्या टेबलावर ठेवून या.

जाता जाता: फोनवरच्या ब्राउझरमध्ये एके काळी प्रत्येक टॅपनंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांची गप्पगार वाट असायची. तुम्ही दुसऱ्यांदा टॅप करून पान मोठं करणार आहात का, हे बघायला ब्राउझर थांबायचा. क्रोमने २०१४ च्या सुमारास फोनच्या रुंदीप्रमाणे बसवलेल्या पानांसाठी ही वाट काढून टाकली, मग बाकीच्यांनीही. इतका छोटा वेळ, पण तेव्हा सगळे म्हणायचे की वेब ॲप 'मेलेलं' वाटतं.

प्रश्न : सर्व्हरचं उत्तर येण्याआधीच 'झालं' दाखवावं, असं हल्ली सगळे सांगतात. आमच्या टीममध्ये दोन तट पडलेत. तुमचं मत काय?

उत्तर : मी दोन्ही तटांत राहून आले आहे. कशी ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका गोदामासाठी मालाच्या नोंदींचं ॲप केलं. लोक हातात फोन घेऊन रॅकमधून फिरायचे, नग मोजायचे, आकडा टाकायचे. प्रत्येक नोंदीला दीड-दोन सेकंद लागायचे आणि लोक वैतागायचे. मी हुशारी केली. आकडा टाकला की लगेच हिरवी बरोबरची खूण, विनंती मागून जाईल. पहिल्या दिवशी लोक खूश, मी त्याहून खूश. तिसऱ्या दिवशी एक जण फोन घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. गोदामाच्या मागच्या टोकाला नेटवर्क पोचत नव्हतं. त्याने सकाळभर मोजणी केली होती, प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण होती, आणि सर्व्हरवर त्यातली एकही नोंद नव्हती. विनंती फसली की काय करायचं, तो कोड मी लिहिला होता, पण तो फक्त कन्सोलमध्ये (प्रोग्रामरच उघडतो त्या ब्राउझरच्या खिडकीत) एक ओळ छापायचा. गोदामात कन्सोल कोण बघतं? त्याने ती सगळी मोजणी दुपारी पुन्हा केली. मला काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

म्हणजे हे तंत्र वाईट का? नाही. मी खोटं बोलले होते, ते वाईट. 'तुझं ऐकलं' आणि 'तुझं काम पोचलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी पहिलीच्या वेळी दुसरीची खूण दाखवली. व्हॉट्सॲप बघा. संदेश लगेच पडद्यावर दिसतो, पण शेजारी छोटं घड्याळ असतं. सर्व्हरकडे गेला की एक टिक, समोरच्याच्या फोनवर पोचला की दोन. कुणालाही वाट बघावी लागत नाही आणि कुणाची फसवणूक होत नाही. मी नंतर गोदामात तेच केलं: आकडा लगेच, पण करड्या रंगात, पोचला की काळा, नाही पोचला तर फोनमध्येच साठवून ठेवायचा आणि वर 'इतक्या नोंदी पाठवायच्या आहेत' असा सतत दिसणारा आकडा. साठवण इंडेक्स्ड-डीबीमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात), म्हणजे टॅब बंद झाला तरी नोंद जात नाही.

दुसरी अट, दुहेरी नोंदीची. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक अनन्य ओळख-क्रमांक द्या आणि तो विनंतीबरोबर पाठवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं. मग माणसाने दोनदा दाबो, नेटवर्कने पाच वेळा पाठवो, नोंद एकच. नुसतं बटण बंद करून ठेवणं पुरत नाही, कारण विनंती सर्व्हरला पोचली आणि उत्तर वाटेत हरवलं, असंही होतं.

आणि कुठे करू नये? पैसे, जागेचं आरक्षण, कायमचं पुसणं. जिथे 'नाही' हे उत्तर वारंवार येऊ शकतं तिथे आधी 'हो' दाखवायचं नाही. पुसण्याच्या बाबतीत उलटी युक्ती बरी: पडद्यावरून लगेच काढा, प्रत्यक्षात काही सेकंद थांबा आणि 'परत आणा' द्या. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घेता येते ती याच युक्तीने. मेल मागे वगैरे येत नाही, ती निघालेलीच नसते. ५ ते ३० सेकंद तुम्ही निवडाल तेवढा वेळ थांबलेली असते.

प्रश्न : वाट बघताना स्पिनर (फिरती चकती) दाखवावा की स्केलेटन (येणाऱ्या मजकुराचा करडा सांगाडा)? आमचा अहवाल तयार व्हायला कधी अर्धा सेकंद लागतो, कधी पंधरा.

उत्तर : हा प्रश्न जुना आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच संगणकाने किती वेळात उत्तर द्यावं यावर लिहिलं होतं, आणि जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये ते तीन आकड्यांत बसवलं: ०.१ सेकंदापर्यंत माणसाला वाटतं की हे माझ्याच हाताने झालं. १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. यंत्रं बदलली, माणूस तोच आहे.

तुमच्याकडे अर्धा सेकंद आणि पंधरा सेकंद यांना एकच स्पिनर आहे, घोळ तिथे आहे. अर्ध्या सेकंदासाठी स्पिनर येतो न येतो तोच जातो, आणि ती लुकलुक बघून काम उलट हळू झाल्यासारखं वाटतं. काही शे मिलिसेकंद थांबा, तोवर उत्तर आलं नाही तरच दाखवा. एकदा दाखवलात की मात्र थोडा वेळ ठेवा, चटकन उडवू नका. पंधरा सेकंदांच्या अहवालाला फिरती चकती म्हणजे काहीच न सांगणं. तिथे खरी प्रगती दाखवा: "१२ पैकी ५ महिने मोजले". पट्टी ९९ टक्क्यांवर नेऊन दहा सेकंद उभी करणाऱ्यांचा मला राग येतो. आणि माणसाला तिथून उठून दुसरं काम करू द्या, झाल्यावर कळवा.

स्केलेटन तेव्हाच, जेव्हा येणाऱ्या मजकुराचा आकार आधी माहीत असतो. तीन करड्या ओळी दाखवून मग नऊ ओळींचा तक्ता आणलात तर पान उडी मारतं. एकदा मी यादीतली एक ओळ उघडायला बोट टेकवत होते, तेवढ्यात वर एक सूचनेची पट्टी आली, सगळं खाली सरकलं आणि बोटाखाली वरच्या ओळीचं 'काढून टाका' आलं. तेही आमचंच ॲप. चित्रांना रुंदी-उंची आधी द्या, उशिरा येणाऱ्या पट्ट्यांना जागा राखून ठेवा.

प्रश्न : पानं बदलताना ॲनिमेशन टाकलं तर वेगवान वाटेल का?

उत्तर : थोडं टाकलंत तर. पण ॲनिमेशन संपेपर्यंत क्लिक घेत नसाल तर तुम्ही स्वतःच उशीर विकत घेतलात. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो असं धरलं तर प्रत्येक फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास मिळतात. रुंदी-उंची-डावीकडचं अंतर हलवलंत तर प्रत्येक फ्रेमला नवं मोजमाप. 'ट्रान्सफॉर्म' (सरकवणं-फिरवणं) आणि 'ओपॅसिटी' (पारदर्शकता) हलवलंत तर ते टळतं. ज्यांनी हालचाल कमी करा अशी सेटिंग ठेवलीय त्यांच्यासाठी बंद ठेवा, काहींना खरोखर गरगरतं.

प्रश्न : आमचा सर्व्हर वापरणाऱ्यांपासून सुमारे १०,००० किलोमीटरवर आहे. कोड सुधारून किती फरक पडेल?

उत्तर : काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जायला ५० आणि यायला ५०, म्हणजे १०० मिलिसेकंद वाटेतच गेले, तेही तार सरळ रेषेत असती तर. हे कोडने कमी होत नाही. फेऱ्या मात्र कमी होतात. तुमच्या पानाला आधी वापरणारा कोण, मग त्याची परवानगी, मग त्याची यादी, अशा एकामागून एक तीन फेऱ्या लागतात. त्या एकीत आणा. आणि माणसाचा माउस दुव्यावर रेंगाळला की मागवायला सुरुवात करा, क्लिक व्हायला अजून थोडा वेळ असतो. मागच्या वेळचा मजकूर जवळ असेल तर तो आधी दाखवा, ताजा आला की बदला. फक्त तो किती जुना आहे ते लिहा.

प्रश्न : हे सगळं केलं. आमच्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालतं. तक्रारी तरी येतातच.

उत्तर : लॅपटॉपवर चालणारच, तो तुमचा आहे. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (प्रोग्रामरसाठीच्या अवजारांत) परफॉर्मन्स टॅब उघडा, सीपीयू ६ पट मंद करा, नेटवर्कही मंद करा आणि एक रेकॉर्डिंग घ्या. ५० मिलिसेकंदांहून लांब कामांवर लाल खूण दिसेल. पहिल्यांदा बघाल तेव्हा लालच लाल असेल, घाबरू नका, सगळ्यात लांब पट्टीपासून सुरू करा.

पण खरी परीक्षा खऱ्या फोनवर. माझ्या खणात एक सात वर्षांचा फोन आहे, कोपऱ्यात तडा गेलेला, जागा कायम भरलेली. नवा बदल त्यावर चालवून दाखवल्याशिवाय मी कुणाचा कोड मर्ज करत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेत नाही. टीमने त्याचं नाव 'आजोबा' ठेवलंय. त्याचा चार्जर हल्ली सैल झालाय, वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्ज होतो, म्हणून परवा एका मुलाने त्यासाठी पुठ्ठ्याचा स्टँड करून दिला.